बार्सिलोनाची कारेर देल बिस्बे: गल्लीवरचा तो पूल खरंच मध्ययुगीन आहे का?

चाकोरीबाहेर: बार्सिलोनाला जायचं घाटतंय. तिथल्या गॉथिक क्वार्टरमधल्या बिस्बे गल्लीवरच्या नक्षीदार पुलाला कुणी मध्ययुगीन म्हणतं, कुणी अलीकडचा. नक्की काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दगडफोड्या: पूल १९२८चा. झुआन रुबिओचं काम, हा प्रसिद्ध वास्तुकार गौदीच्या हाताखाली तयार झालेला गडी. १९२९चं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन तोंडावर होतं, जुनं गाव नटवायची घाई चालली होती. गल्ली मात्र अस्सल रोमन! प्लासा नोवाकडून शिरताना दोन्ही अंगांना बुरूज लागतात ना, तो रोमन कोटाचा दरवाजा. रस्त्याची आखणी तेव्हाचीच.

पुलाखाली सगळे माना वर करून तिथे कोरलेली कवटी आणि खंजीर शोधतात. शोधा, पण मग त्याच गल्लीत जेनेरालितातच्या, म्हणजे कातालान सरकारच्या वाड्याच्या भिंतीकडेही बघा. दारावर घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनला भोसकतोय. तो १४१८चा, पेरे झुआनने घडवलेला. पुलाची नक्षी आणि ही पाठोपाठ पाहिली की कुणी सांगायची गरज उरत नाही. (माझं निम्मं आयुष्य दगडकामात गेलंय, त्यामुळे पुलाच्या कडा मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतात.)

उंटावरचा शहाणा: थोडक्यात, सगळा देखावा! कॅथेड्रल तरी जुनं आहे का?

दगडफोड्या: आतलं जुनं, काम १२९८ला सुरू झालं. दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. पण देखावा म्हणून झटकू नका. १९०८पासून विया लाएताना हा रुंद रस्ता काढताना जुन्या वस्तीतून सरळ नांगर फिरवला. पूल बांधल्याचा मला राग नाही, त्या पाडापाडीचा आहे. त्यातला पादेयास वाडा तेवढा दगड न् दगड सुटा करून प्लासा देल रेईत उभारला. पाया खणताना खाली रोमन शहर निघालं! आता तिथे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. ते चुकवू नका.

माहेरवाशीण: जवळच सांत फेलीप नेरीचा चौक आहे. ३० जानेवारी १९३८च्या बॉम्बहल्ल्यात तिथे ४२ जण गेले, बहुतेक लहान मुलं. चर्चच्या भिंतीवरचे खड्डे तेव्हाचे. चौकातली जोडे बनवणाऱ्यांच्या संघाची इमारतही दुसरीकडून आणून बसवलेली.

चाकोरीबाहेर: धन्यवाद मंडळी! संग्रहालयासाठी अर्धा दिवस पुरेल?

दगडफोड्या: पुरेल. वरचे मजले घाईत बघा, वेळ तळघराला द्या.