शिक्रा म्हणजेच ससाणा का?

रंकाळाकाठ: आंब्यावर काटक्यांच्या घरट्यात बसलेल्या पक्ष्याच्या फोटोखाली पेपरात 'ससाणा' छापलंय. दिसतोय तर शिक्रा. दोन्ही एकच का? आणि शिक्रा हा शब्द 'शिकार'वरनंच आला न्हवं?

गव्याचीवाट: एकच न्हाईत. घरटं बघूनच ससाणा बाद. बहिरी ससाणा घरटं बांधतच नाही, कड्याच्या कपारीत उघड्यावर अंडी घालतो. तुरमती हा छोटा ससाणा झाडावर बसतो खरा, पण कावळ्याच्या जुन्या घरट्यात. काटक्या रचतो तो शिक्रा, मार्च ते जून, अंडी बहुधा ३-४. फोटोत डोळा बघा. ससाण्याचा काळाभोर, पूर्ण वाढलेल्या शिक्र्याचा मादीत पिवळा, नरात लाल. ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखं टोक असतं, त्यानं तो भक्ष्याची मान मोडतो. शिक्रा पंजाच्या पकडीनंच मारतो. शिक्र्याचे पंख आखूड, गोलसर नि शेपूट लांब, म्हणून झाडीत फांद्या चुकवत वळता येतं. ससाण्याच्या लांब टोकदार पंखांना मोकळं आभाळच लागतं.

शब्दवेडा: शिक्रा फारसीतून आला, नातं 'शिकार'शीच. ससाणा मात्र आपला. संस्कृतात श्येनाला, म्हणजे अशा शिकारी पक्ष्याला, 'शशादन' म्हणजे ससा खाणारा असाही शब्द आहे, ससाणा त्याच वाटेनं आलेला दिसतो. गंमत लिंगाची. पक्षी पाळून शिकार करणाऱ्यांच्या बोलीत 'शिक्रा' म्हणजे मादी, नर तो 'चिपका'. तसंच 'बाज' या शिक्र्याच्या मोठ्या भाऊबंदात 'बाज' मादी, नर 'जुर्रा'. मादी अंगानं मोठी, तिला जास्त मोल, म्हणून जातीला नाव तिचंच. मराठीत आकारान्त म्हणून 'तो शिक्रा' झाला. त्यात चूक काही नाही.

रंकाळाकाठ: मग 'पेर्ते व्हा' ओरडणारा पावशा शिक्र्यासारखा का दिसतो?

गव्याचीवाट: सोंग हो! सातभाईंच्या घरट्यात अंडं घालायचं तर आधी ते बिचकायला पाहिजेत. जूनमध्ये फसगत इथंच होते. पावशाची चोच आकडेदार नसते, बोटं दोन पुढं दोन मागं. शिक्र्याची तीन पुढं, एक मागं, नि गळ्यावर मधोमध बारीक राखी रेघ. रेघ जाड, काळी असली की शिक्र्याचाच भाऊबंद बेसरा समजा, पण त्याला दाजीपूरसारखी दाट झाडी लागते. गावातल्या आंब्यावर शिक्राच.

शब्दवेडा: तेवढं 'ससाणा' खोडायला कळवा त्यांना. 'शिकारी पक्षी' लिहिलं असतं तरी चाललं असतं.