माकडहाड: नाव माकडाचं, हाड कशाचं?

खानापूरवाली
आई परसात घसरली आणि बसकीच आपटली. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, कॉक्सिसला मार बसलाय, मोडलेलं नाही. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला "माकडहाड दुखायलंय" असंच सांगते. शेजारच्या कन्नड काकू त्याला 'बालद एलुबु' म्हणतात. आता लेकीनं विचारलंय, आपण माकडापासून झालो म्हणून हे नाव पडलं काय? महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात अवशेषांगांमध्ये, म्हणजे ऱ्हास होत गेलेल्या अवयवांमध्ये, माकडहाड दिलंय, म्हणजे तो उत्क्रांतीचा पुरावा, असं तिचं म्हणणं. जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर
शब्द सरळ आहे, माकड अधिक हाड. जिथं माकडाला शेपूट फुटते तिथलं हाड, एवढंच बघून लोकांनी नाव ठेवलं असावं. त्यासाठी डार्विन वाचायची गरज नाही. पुस्तकी शब्द 'अनुत्रिक', म्हणजे त्रिकास्थीच्या, कण्याच्या तळाशी असणाऱ्या त्रिकोणी हाडाच्या, मागोमाग येणारं. आणि डॉक्टरांचा कॉक्सिस मूळचा ग्रीक, अर्थ कोकीळ! त्या हाडाचा आकार कुणाला तरी कोकिळेच्या चोचीसारखा दिसला. तिघांत काकूंचा शब्द मला सगळ्यात चोख वाटतो. बाल म्हणजे शेपूट, एलुबु म्हणजे हाड. माकडाचा संबंधच नाही.

अनगोळवाला
ते सगळं ठीक आहे खरं, माकडापासून माणूस झाला असेल तर भीमगडच्या जंगलातली माकडं अजून माकडंच कशी काय? कन्नडातपण 'मंगनिंद मानव' म्हणतात. मला कधी पटलं नाही बघा.

टिळकवाडी जीवशास्त्र
अनगोळवाले, तुम्हाला पटत नाही ते वाक्यच चुकीचं आहे. तुमचा चुलतभाऊ सांबऱ्याला राहतो म्हणून तुम्ही त्याच्यापासून जन्मलात असं होत नाही. दोघांचे आजोबा एक. आजची माकडं आपले पूर्वज नव्हेत, त्यांचा आणि आपला एक जुना पूर्वज सामाईक होता. म्हणून त्यांनी माणूस व्हायचं काही कारण नाही.

आता हाडाकडे येऊ. 'माकडहाड' हे नाव थोडं फसवं आहे. खानापूर-भीमगडकडे दिसणारं लालतोंडं माकड घ्या नाहीतर काळतोंडं वानर, दोघांनाही लांबलचक शेपूट आहे. आपल्यासारखी बिनशेपटीची मंडळी म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन, ज्यांना इंग्रजीत एप म्हणतात. भारतात त्यातला एकच गट आहे, ईशान्येकडचा हुलॉक गिबन. या सगळ्यांना माकडहाड आहे आणि बाहेर शेपूट नाही. म्हणजे शेपूट माणसाची गेलेली नाही, माणूस व्हायच्या कितीतरी आधी, सुमारे 2.5 कोटी वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या सामाईक पूर्वजात गेली.

हे नुसतं अनुमान नाही. आपल्या गर्भाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात खरोखरची शेपूट असते, आत मणके घडत असतात. आठव्या आठवड्यापर्यंत ती विरून जाते आणि मागे राहतात तीन ते पाच मणके, बहुतेकांत एकमेकांना चिकटलेले. तेच माकडहाड. 2024 साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात आलेल्या संशोधनानं त्याचा जनुकीय धागाही दाखवला. टीबीएक्सटी नावाचं एक जनुक शेपटीच्या वाढीशी निगडित आहे. त्यात एल्यू नावाचा डीएनएचा एक तुकडा घुसलाय. माणसात आणि एप मंडळींत तो त्याच जागी आहे, शेपटीवाल्या माकडांत नाही. त्या बदलामुळे जनुकापासून जे अपुरं रूप तयार होतं तेच उंदरांत घडवून आणलं, तर काही पिल्लं आखूड शेपटीची आणि काही बिनशेपटीची झाली.

लेकीला एक सांगा. अवशेषांग म्हणजे निरुपयोगी असं लिहायची सवय आहे, ती तिनं सोडावी. माकडहाडाला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध धरलेले असतात, आईंना बसताना ते कळतच असेल. अवशेष याचा अर्थ मूळचं काम सुटलेलं, सगळंच काम सुटलेलं नव्हे.

निपाणीकर
वा! मग 'उत्क्रांती' शब्दावरही बोलायला हवं. गीतेत 'उत्क्रामति' आहे, पंधराव्या अध्यायात, आणि तिथं अर्थ जीव देह सोडून जातो असा. मराठीनं त्याच धातूचा शब्द घेतला आणि आता ऐकणाऱ्याला 'वर चढणं' वाटतं. कन्नडात 'विकास' वापरतात, आणि आपल्याकडे विकास म्हटलं की रस्ते आणि गटारं. दोन्ही शब्दांत प्रगतीचा वास आहे. शेपूट जाणं ही कसली प्रगती?

टिळकवाडी जीवशास्त्र
प्रगती नाहीच. पिढ्यांमागून पिढ्यांत झालेला बदल, बस्स. वरच्या दिशेनं जायचंच असं काही ठरलेलं नसतं.

अनगोळवाला
बरं, एका हाडावर एवढा डोलारा? दुसरं काही आहे काय आपल्या भागातलं?

टिळकवाडी जीवशास्त्र
आहे की. खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार मोजक्या ठिकाणी सापडणारं. त्याचा पंख उलगडून बघितला तर आत आपल्यासारखाच दंड, कोपर, मनगट आणि पाच बोटं. त्यातली चार लांबलचक वाढलेली, अंगठा तेवढा मोकळा. उडण्यासाठी हाताचाच साचा कशाला वापरायचा? कारण हात आधीपासून होता. पक्ष्याचा पंखही हाताचाच आहे, खरं मांडणी वेगळी.

निपाणीकर
गोकाकचा गेंडाही सांगा ना.

टिळकवाडी जीवशास्त्र
हो, भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी गोकाकजवळ मिळालेल्या गेंड्याच्या जीवाश्माचं वर्णन 1874 साली केलं, नाव ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. म्हणजे घटप्रभेच्या खोऱ्यात गेंडा होता. खरं प्रामाणिकपणे सांगते, एकट्या गेंड्यानं उत्क्रांती सिद्ध होत नाही. इथली प्राणिसृष्टी बदलली एवढंच त्यावरून कळतं. उत्क्रांतीसाठी एकामागून एक थरांतली साखळी लागते, जशी जमिनीवरून पाण्यात गेलेल्या देवमाशाची सापडली. जम्मूच्या कालाकोट भागातला इंडोह्यूस हा छोटा खुरवाला प्राणी. त्याच्या कानाजवळच्या हाडाची ठेवण देवमाशांची, पाय मात्र जमिनीवर चालणाऱ्याचे.

खानापूरवाली
खूप आभार. एकच राहिलं. एपला मराठीत काय लिहू? लेक 'कपी' म्हणते.

निपाणीकर
कपी नको. मारुतीला कपी म्हणतात आणि त्याच्या शेपटीनं तर लंका जाळली.

टिळकवाडी जीवशास्त्र
मग एपच लिहू दे.