मदत हवी आहे: शेजाऱ्यांचा कुत्रा आईला चावला, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली

काल संध्याकाळी लिफ्टचं दार उघडताच शेजाऱ्यांचा रॉटवायलर आईच्या पोटरीला चावला. गळ्यात पट्टा नव्हता, तोंडाला जाळी नव्हती. इंजेक्शनं सुरू केली आहेत. मालकावर फौजदारी गुन्हा होतो का? शिक्षा किती?

प्रतिसाद १
होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (जुन्या भारतीय दंड विधानाचं २८९) दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो, त्यामुळे एनसी नाही, एफआयआरच हवा. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोबत निष्काळजीपणाने दुखापत केल्याचं १२५(अ) लावायला सांगा, शिक्षा तेवढीच. हाड मोडलं किंवा आईंना १५ दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तर ती जबर दुखापत ठरते. मग १२५(ब), ३ वर्षांपर्यंत कैद. ही कलमं जामीनपात्र आहेत. मालक लगेच सुटला म्हणून केस संपली असं समजू नका.

ठाण्यात ऐकलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना) लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवा. तरीही काही हाललं नाही तर त्याच संहितेच्या १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती जपा, तिथे ती लागते.

प्रतिसाद २
तक्रारीच्या मजकुरावर बरंच अवलंबून आहे. "कुत्रा फार डेंजर आहे" एवढ्याने भागत नाही, कारण शिक्षा मालकाच्या हयगयीला आहे. कुत्रा कोणाच्या ताब्यात होता, मालक किती अंतरावर होता, कुत्रा आधी कोणाच्या अंगावर गेला होता का, सोसायटीकडे जुनी लेखी तक्रार आहे का, हे तारखांसकट लिहा. धोका माहीत असून काळजी घेतली नाही हे त्यातूनच दिसतं.

लिफ्टचं फुटेज आजच सेक्रेटरींकडे लेखी मागा, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतो. कॉपीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३(४) चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) हवंच. दवाखान्यात एमएलसी (पोलीस केस म्हणून वैद्यकीय नोंद) झाली आहे का ते बघा. केसपेपरवर जखमेची लांबी-खोली आणि "पाळीव कुत्र्याचा चावा" हे शब्द असू द्या.

प्रश्नकर्ता
आभार. प्रत्यक्षात कैद होते का?

प्रतिसाद १
होते, पण वेळ लागतो. वरळीत २०१८ साली लिफ्टमध्येच पाळीव हस्की चावला होता. मालकाला २०२५ मध्ये ४ महिन्यांची कैद झाली. रॉटवायलरच्या २०१० मधल्या एका चाव्याबद्दल मुंबईतच २०२३ साली ३ महिने झाले. औषधपाण्याची सगळी बिलं ठेवा, शिक्षेसोबत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली भरपाई मागता येते.