उन्हाळी कोर्ससाठी ऑक्सफर्डला जावं का? जाऊन आलेल्यांनी सांगा

सांगलीची_मुलगी:
मी पुण्यात लॉ करते, तिसरं वर्ष. जुलैमध्ये ऑक्सफर्डला तीन आठवड्यांचा कोर्स करायचं मनात आहे. बाबा तयार आहेत, पण पैसे पी.एफ.मधून काढावे लागतील, त्यामुळे फॉर्म भरायला माझाच हात धजत नाही. एवढ्या थोड्या दिवसांत खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसतं फिरणं आणि फोटो? व्हिसा कुठला लागतो? आणि मी शाकाहारी आहे. कोणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर लिहा.

नाशिकची_वकील:
मी कॉलेजात असताना गेले होते. सगळ्यात आधी कोर्स चालवतंय कोण, ते बघ. उन्हाळ्यात तिथले विद्यार्थी घरी जातात, कॉलेजांच्या खोल्या रिकाम्या पडतात आणि खासगी कंपन्या त्या भाड्याने घेऊन कोर्स भरवतात. पत्ता ऑक्सफर्डचा, पण विद्यापीठाचा काडीचा संबंध नसतो. त्यातले काही चांगलेही असतात. पण शिकवणार कोण, एका गटात किती जण, लिहून काय घेणार आणि ते तपासणार कोण, हे चार प्रश्न मेलवर विचार. उत्तर गोलमोल आलं तर बाबांच्या पी.एफ.ला हात लावू नकोस.

शिकायला मिळतं का म्हणशील, तर मला मिळालं, आणि ते वर्गातल्या व्याख्यानांतून नाही. आठवड्याला एक निबंध लिहायचा आणि बाईंच्या खोलीत बसून मोठ्याने वाचायचा. आम्ही तिघंच. एकदा सोबतच्या मुलाने वाचलं, 'ब्रिटिशकाळातल्या न्यायालयांनी हिंदू स्त्रीला वारसाहक्क नाकारला.' बाईंनी तिथेच थांबवलं. कुठल्या न्यायालयाने? मुंबईच्या की कलकत्त्याच्या? मुलीला की विधवेला? तो गप्प. मी म्हटलं, मुंबई इलाख्यात 'व्यवहारमयूख' हा हिंदू कायद्याचा जुना ग्रंथ मानायचे, तिथे मुलीला वारसा पूर्ण मालकीने मिळायचा, बाकी बऱ्याच ठिकाणी फक्त हयातीपुरता. बाई खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'छान. पुढच्या वेळी निकाल घेऊन ये, पान उघडून दाखव.'

मग मी दोन दिवस लायब्ररीत जुने लॉ रिपोर्ट, म्हणजे कोर्टाच्या निकालांचे खंड, उपसत बसले. आमच्या कोर्सला बोडलियनचं, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाचं, कार्ड मिळत होतं (सगळ्यांना मिळत नाही, हेही विचारून घे). कार्ड देताना एक प्रतिज्ञा वाचायला लावतात: पुस्तकावर खूण करणार नाही, आत आग किंवा ज्योत आणणार नाही. १६०२ मध्ये उघडलेलं ग्रंथालय आहे, त्यांची काळजी मला पटली. निकाल सापडला, पान दाखवलं, आणि त्यावर बाईंनी पुढचे प्रश्न विचारले ते वेगळेच. आज कोर्टात युक्तिवाद लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे 'कुठल्या न्यायालयाने?' असं मी स्वतःला विचारते. ही सवय मला तिथे लागली, इथे पाच वर्षांत कोणी लावली नव्हती.

आणि वुडस्टॉक रोडवरच्या सॉमरव्हिल कॉलेजला नक्की जा. भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी तिथे शिकल्या. जन्म आमच्या नाशिकचा, १८६६. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पहिल्या आल्या, तरी इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली, शेवटी तिकडच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना नेलं. १८९२ मध्ये त्या बीसीएलच्या, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीच्या, परीक्षेला बसल्या, तीही खास परवानगी काढून. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवातच केली १९२० मध्ये. तीस वर्षं! लॉ करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रेडिंगचे_काका:
व्हिसाचं मी सांगतो. सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणाला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, पण संस्था मान्यताप्राप्त हवी आणि तिचं प्रवेशपत्र हवं. या व्हिसावर काम करता येत नाही, दुकानात दोन तासही नाही. निघायच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो, उशीर करू नकोस. प्रवासाचा विमा काढच, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर पाहुण्यांना बिल भरावं लागतं.

जेवणाचं टेन्शन घेऊ नको बाळा. कॉलेजच्या मेसमध्ये शाकाहारी पदार्थ असतोच, फक्त तोचतोच येतो. ऑक्सफर्डमधल्याच काउली रोडला डाळ, तांदूळ, मसाले सगळं मिळतं. सुपरमार्केटात संध्याकाळी उशिरा गेलीस तर त्या दिवशी संपणाऱ्या वस्तूंवर पिवळी लेबलं लावून भाव पाडलेले असतात, माझ्या दोन्ही भाच्या त्यावरच राहिल्या. रविवारी मात्र मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात, तो कायदाच आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. आपला प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर भारतातूनच घे. खोलीत पंखा नसतो आणि जुलैत एखादा आठवडा चांगलाच तापतो.

सांगलीची_मुलगी:
ताई, काका, खूप आभार. मी बघत होते तो कोर्स खासगी कंपनीचाच निघाला, वेबसाइटवर कॉलेजचा फोटो असल्यामुळे लक्षात आलं नाही. ताई, मग विद्यापीठाचे कोर्स शोधायचे कुठे? आणि फी परवडली नाही तर?

नाशिकची_वकील:
विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या स्वतःच्या वेबसाइटवर. पत्त्याच्या शेवटी 'एसी डॉट यूके' आहे का बघ, ते तिथल्या मान्य शिक्षण आणि संशोधन संस्थांनाच मिळतं. आणि एकट्या ऑक्सफर्डवर अडू नकोस, लंडनला एलएसईचं (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं) समर स्कूल आहे, एडिनबराही बघ. त्यांच्या पानांवर फी-सवलतीचं काही आहे का तेही तपास, त्यांच्या तारखा बहुधा लवकर संपतात. यंदा पैशांचं नाही जमलं तर पुढच्या वर्षी जा, चौथ्या वर्षाला तर जास्त उपयोग होईल, तोवर तुझा विषयही ठरलेला असेल.

त्या कंपनीला ते चार प्रश्न तरीही विचार. उत्तर आलं की इथे टाक, मी वाचून सांगते.