सोलकढी फोटोत राखाडी दिसतेय, दोष कॅमेऱ्याचा की ब्राउझरचा? (मदत हवी आहे)

मंडळी, प्रश्न तीन दगडांवर पाय ठेवून उभा आहे, थोडा स्वयंपाकाचा थोडा फोटोचा थोडा ब्राउझरचा, कुठल्या विभागात टाकू कळेना म्हणून शेवटी इथेच टाकला.

रविवारी सोलकढी केली. एका नारळाचं दूध, दहा-बारा आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कुस्करलेली, लसूण, मिरची, वरून कोथिंबीर. आम्ही मूळचे कणकवलीकडचे त्यामुळे कढीत बीट घालायचं पाप आमच्या घरात होत नाही, हॉटेलातली भडक गुलाबी कढी आई तोंडाला पण लावत नाही. रंग मस्त आला होता, फिकट गुलाबी आणि ग्लासाच्या कडेला जिथे थर पातळ होतो तिथे जरासा जांभळट. खिडकीपाशी ठेवून ट्यूब बंद करून फोटो काढले (दोन्ही उजेड एकत्र आले की अर्धा ग्लास पिवळा अर्धा निळा येतो, हे ठेचा खाऊन शिकलोय).

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास. फाइल उचलून फायरफॉक्समध्ये टाकली, तरी झकास. मग नेहमीच्या छोट्या टूलने साइज ८ एमबीवरून ३०० केबीवर आणली आणि घरच्या ग्रुपवर पाठवला तर कढीत राख कालवल्यासारखी, आणि कोथिंबीर चार दिवस फ्रीजमध्ये विसरल्यासारखी पिवळट. बहिणीचा लगेच मेसेज, "दूध फाटलं काय रे?"

आता माझा दुसरा नाद सांगतो म्हणजे उगाच "दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा" असं कोणी सांगणार नाही. २००४ साली फायरफॉक्स १.० आला तेव्हापासून मी ब्राउझर जमवतो, लोक नाणी जमवतात तसं. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन (वेबपान स्क्रीनवर उभं करणारा भाग) सोडायचं ठरवलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, त्यातल्या माऊस जेश्चरची (माऊस फिरवून हुकूम द्यायची) सवय जाईना म्हणून पुढे विवाल्डी घेतला. तर माझ्याकडच्या चारही ब्राउझरमध्ये पाहिलं. मूळ फोटो चारही ठिकाणी बरोबर, लहान केलेला चारही ठिकाणी राखाडी. फायरफॉक्सच्या अबाउट कॉन्फिगमध्ये (आतल्या सेटिंग्जच्या पानावर) जाऊन कलर मॅनेजमेंट मोडचा आकडा २ चा १ पण करून पाहिला, बंद करून परत चालू केला, ढिम्म फरक नाही. मॉनिटर साधाच आहे.

साइज कमी केली तर रंग का जावा? कोणाला असा अनुभव?

प्रतिसाद १
आमसुलं जुनी असतील तर कढी मळकट होते. आगळ (कोकमाचा रस) वापरून बघा, मालवणहून मागवा.

प्रतिसाद २
अहो आमसुलांचा काय संबंध, मूळ फोटो बरोबर आहे म्हणतायत ना ते! दादा, फाइलचं नाव बघा. कॅनन किंवा निकॉन असेल आणि नाव अंडरस्कोअरने सुरू होत असेल तर कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर आहे, म्हणजे रंग नोंदवायच्या जास्त रंगांच्या पद्धतीवर. त्या फाइलच्या पोटात रंगाचं प्रोफाइल (कुठला आकडा म्हणजे कुठला रंग याची नोंद) असतं, ते वाचून ब्राउझर बरोबर रंग दाखवतो. बरीचशी टूल्स साइज वाचवायला प्रोफाइलच काढून टाकतात, मग ब्राउझर ती फाइल साधी एसआरजीबी (नेहमीची, कमी रंगांची पद्धत) समजून दाखवतो आणि सगळं फिकं पडतं. हिरवा सगळ्यात जास्त मार खातो कारण दोन्हींतला मुख्य फरक हिरव्यातच आहे. म्हणून तुमची कोथिंबीर पिवळी.

प्रतिसाद ३
+१. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये कलर स्पेस एसआरजीबी करून टाका. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढत असाल तर या सेटिंगने रॉला फरक पडत नाही, फक्त जेपेगला पडतो.

धागाकर्ता
सापडलं! सगळ्या फाइलींच्या पुढे अंडरस्कोअर. गेल्या दिवाळीत एक व्हिडिओ पाहून "जास्त रंग मिळतात" म्हणून मीच अ‍ॅडोबी आरजीबी लावलं होतं आणि विसरून गेलो, इतके दिवस बिचाऱ्या ब्राउझरांच्या मागे लागलो होतो. आता एसआरजीबी केलं, तोच ग्लास परत भरून फोटो काढला (कढी दुसऱ्या दिवशीची त्यामुळे खाली चोथा बसलाय, ढवळून घेतली), लहान केला, रंग जागेवर.

पण आता नवीन दुखणं. दिवाळीपासूनचे पाककृतींचे ४३ फोटो त्याच टूलमधून गेलेत, आणि मूळ फाइली हार्ड डिस्कबरोबर गेल्या. म्हणजे प्रोफाइल नसलेले फिके जेपेगच उरलेत. गिम्पमध्ये (फोटो सुधारायचा प्रोग्राम) एक करून पाहिला, इमेज मेनूत कलर मॅनेजमेंट, तिथे आधी अ‍ॅडोबी आरजीबी प्रोफाइल "असाइन" केलं (नुसतं लेबल चिकटवलं) आणि मग एसआरजीबीत "कन्व्हर्ट" केलं (आकडेच बदलले), तर अळूवडीचा हिरवा एकदम जिवंत झाला. पहिल्यांदा घाईत थेट कन्व्हर्ट केलं होतं तेव्हा काहीच झालं नव्हतं, कारण त्याला मुळात ती फाइल अ‍ॅडोबीची आहे हेच माहीत नव्हतं. प्रोफाइलची फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागली.

एकेक करून ४३ करायचा धीर नाही. विंडोजवर एकदम सगळ्यांना असाइन आणि कन्व्हर्ट करायचा सोपा मार्ग कोणाला माहितीये का? कमांड टाइप करावी लागली तरी चालेल, फक्त जशीच्या तशी लिहून द्या.

आणि प्रतिसाद १, आगळ मागवलंय हो.