पाहुणे आले की मागे गाणी लावता का?

मेतकूट:
गेल्या शनिवारी भाचीचं केळवण केलं. बारा माणसं, दोन खोल्यांचं घर. होणारा जावई पहिल्यांदाच येणार, त्यामुळे सगळे आधीच अवघडलेले. म्हणून स्पीकरवर हळू आवाजात 'कॉल ऑफ द व्हॅली' लावून ठेवलं. दहा मिनिटं छान गेली. मग बाबांचे मित्र (आम्ही काकाच म्हणतो) ताटावरून उठले, उष्टा हात वर धरून कोपरानेच स्पीकरचं बटण दाबलं आणि म्हणाले, "ऐकायचं तर ऐकू, बोलायचं तर बोलू." त्यानंतर कोशिंबिरीतले दाणे चावल्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्या मते मागे काहीतरी वाजत असलं की गप्पांमधल्या फटी बुजतात. नव्या माणसाला तर आधारच. तुम्ही काय करता?

पेटीवाला:
काकांना माझा नमस्कार सांगा. १९६७ची ती तबकडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे त्यात, पहाटेपासून रात्रीपर्यंत. सुरुवात अहिरभैरवाने. म्हणजे तुमच्याकडे रात्री वरणावर तूप पडत होतं आणि मागे झुंजुमुंजू होत होतं! ज्यांनी वाजवलंय त्यांनी फटी बुजवायला वाजवलेलं नाही.

हिंगाची डबी:
मग लग्नातल्या सनईचं काय हो? मांडवाच्या दारात सनई-चौघडा वाजत असतो तेव्हा राग ओळखत कोण बसतं? मानपान, रुसवेफुगवे, चपलांची शोधाशोध, सगळं त्यावरच चालतं. आणि सनई नसली तर मांडव ओकाबोका वाटतो. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७मध्ये अशा संगीताला चक्क 'फर्निचर संगीत' म्हटलं. खुर्चीसारखं खोलीत असावं, कुणी मुद्दाम लक्ष देऊ नये. १९२०मध्ये पॅरिसला ते वाजवलं, तर लोक गप्प बसून ऐकायला लागले आणि साती म्हणे "बोला, बोला" करत फिरत होता. मेतकूट, तुमच्या काकांच्या बरोब्बर उलटं!

पेटीवाला:
सनईवाल्याला आपण बिदागी देतो, पंगतीला बसवतो. तुमचा स्पीकर जेवतो का?

माईणमुळे:
तुमचं रागदारीचं भांडण चालू द्या, मला वेगळंच सांगायचंय. माझे सासरे श्रवणयंत्र लावतात. त्यांना समोरच्याचं बोलणं आणि मागची बासरी एकात एक मिसळून ऐकू येते. चार वेळा "काय?" विचारतात, पाचव्यांदा नुसतं हसतात. आपल्याला वाटतं, आजोबा रमलेत. शिवाय मागे आवाज असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. मग कुणीतरी गाणं वाढवतं, की सगळे आणखी वर. आमच्याकडे आता स्पीकर पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर असतो. येणाऱ्याला दारात ऐकू येतं, ताटापर्यंत पोचत नाही. काकांचं वय काय हो?

कांदेपोहे:
अवांतर: फुकटच्या ॲपवर वातावरणनिर्मिती करू नका. आमच्या सत्यनारायणाला अभंग लावले होते. तीर्थ घ्यायला ओंजळ पुढे केली आणि बनियनची जाहिरात लागली. गुरुजींची पळी हवेतच.

मेतकूट:
माईणमुळे, काका अठ्ठ्याहत्तर. यंत्र नाही लावत. पण तुमचं वाचून आठवलं, मी त्यांना "मसालेभात वाढू?" विचारलं तर "पुण्यालाच" म्हणाले. आम्ही विनोद समजून हसलो होतो. तेही हसले.
पेटीवाले, तुमचं मात्र अजून पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुतण्याचं केळवण आहे, गाणं लागणारच. पण चपलांच्या कपाटावर. आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरातला (सहा ते नऊचा) राग, भूप लावते, चालेल?

पेटीवाला:
चालेल. पण नऊच्या आत पानं वाढा.