खोबऱ्याच्या वाट्या लोहगावलाच राहिल्या

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. नंतर मला फोन करू नयेत.

सी-२०१: ओके सर. बाय द वे बी-३०२ काकू आज लिफ्टमध्ये दिसल्या. काकू दहा दिवस कुठे गायब होता? दाराबाहेर पेपरांचा गठ्ठा बघून मला वाटलं तब्येत वगैरे बिघडली की काय

बी-३०२ काकू: अगं तब्येत कसली, फिरून आले. इंदूर, कोलकाता, चेन्नई आणि परत पुणे, चार विमानं. हॉस्टेलच्या आम्ही चौघी, चार गावांना पडलोय. १९८२ला निरोप घेताना दरवर्षी भेटायचं म्हणून शपथा घेतल्या होत्या आणि तेव्हापासून चौघी मिळून एकदाही नाही, कधी हिची सासू, कधी तिच्या मुलाची बारावी. यंदा म्हटलं एकत्र यायची वाट बघत बसलो तर एकमेकींच्या तेराव्यालाच भेटू, त्यापेक्षा मीच एकेकीच्या दारात जाऊन उभी राहते. ह्यांना पण नेलं, बॅगा उचलायला कोणीतरी हवं.

ए-१०४ काका: विमानाने कसलं फिरणं वहिनी. वर ढग, खाली ढग. आम्ही आझाद हिंदने हावड्याला गेलो होतो, संध्याकाळी पुण्यात बसायचं ते तिसऱ्या दिवशी पहाटे उतरायचं, सगळा देश खिडकीतून दिसतो.

बी-३०२ काकू: दिसतो हो भाऊजी, पण माझ्या गुडघ्यांना वरचा बर्थही दिसतो.

डी-५०१: काकू बुकिंग कसं केलं? मल्टी-सिटी टाकलं की वेगवेगळी? किती पडलं?

बी-३०२ काकू: भाच्याने करून दिलं. वेगवेगळी चार तिकिटं, माणशी साधारण १९ हजार, डिसेंबर म्हणून जास्त. हॉटेलचा खर्च शून्य कारण तिन्हीकडे मैत्रिणींची घरं. माझी अट एकच होती की एका दिवशी एकच विमान, दोन नाही.

डी-५०१: हे एकदम बरोबर केलंत. माझ्या मेव्हण्याने दोन वेगळी तिकिटं काढली, मध्ये दीड तासाचा गॅप. पहिलं लेट झालं, दुसरं गेलं निघून आणि वेगळा पीएनआर म्हटल्यावर दुसऱ्यावाले म्हणाले आमचा काय संबंध. बॅग पट्ट्यावर येईपर्यंतच काउंटर बंद झालं होतं, ते तासभर आधीच बंद होतं. एका पीएनआरवर असतं तर पुढचं बघायची जबाबदारी त्यांची असती.

सी-२०१: आणि खायला काय काय आणलंत ते आधी सांगा

बी-३०२ काकू: आणलेलं नंतर, आधी काय नेता आलं नाही ते ऐक. इंदूरच्या मैत्रिणीची सून बाळंतीण, म्हणून डिंकाच्या लाडवांचं सामान घेतलं होतं, डिंक, खारीक, गोडंबी आणि किलोभर खोबऱ्याच्या वाट्या, मार्केट यार्डातून निवडून आणलेल्या. लोहगावच्या विमानतळावर बॅग आत गेली, आम्ही निवांत कॉफी घेतोय तेवढ्यात माझं नाव पुकारलं. ह्यांचा चेहरा पांढरा. गेले तर म्हणे मॅडम बॅगेत सुकं खोबरं आहे, ते चालत नाही, तेल असतं त्यात, पेट घेतं. मी म्हटलं अहो आम्ही जन्मभर खातोय, पोटात कधी पेटलं नाही. पण तो मुलगा सभ्य होता, हसला आणि वाट्या काढून घेतल्या. डिंक गेला, खारीक गेली, खोबरं लोहगावला राहिलं. आणि इंदुरात कोपऱ्यावरच्या दुकानात ढीग लागलेला, मीच येडी.

डी-५०१: हो सुकं खोबरं बंदीच्या यादीत आहे, हातातल्या बॅगेत पण नाही आणि आत टाकायच्या बॅगेत पण नाही. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच ठेवायची, चेक-इनमध्ये टाकली तर असंच बोलावतात.

ए-१०४ काका: रेल्वेत पोतं न्या, कोणी विचारत नाही.

सी-२०१: इंदूर म्हणजे सराफा ना काकू??

बी-३०२ काकू: सराफा झालाच पण रात्री. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्याच दुकानांच्या पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात, रात्री दोनपर्यंत जत्रा. जोशींचा दहीवडा खाल्ला, ते पान हवेत उडवून झेलतात आणि चिमटीतून एकेक मसाला सोडतात, ह्यांनी तीनदा व्हिडिओ काढला आणि तिन्ही वेळा स्वतःचा अंगठा आला. भुट्ट्याचा कीस, म्हणजे मका किसून दुधात शिजवतात. आणि गराडू, हा कंद फक्त थंडीत मिळतो, तळून वर लिंबू आणि जिरावन, म्हणजे त्यांचा तिखट-आंबट मसाला. डिसेंबरात जायचं ते ह्यासाठीच.

पण खरं सांगू का, सराफ्यापेक्षा मला सकाळी मैत्रिणीच्या गल्लीतले पोहे जास्त आवडले. आपल्यासारखी वाफ काढून झाकून ठेवत नाहीत, खाली उकळतं पाणी आणि वर पोह्यांची परात, त्यामुळे सकाळभर मऊ राहतात. वर शेव, कांदा, जिरावन आणि बाजूला जिलबी. मी म्हटलं पोह्यांबरोबर जिलबी कसली, आणि तिसऱ्या घासाला गप्प बसले. ती मैत्रीण पक्की सदाशिव पेठेतली हो, पण चाळीस वर्षांत तिची मराठी इंदुरी झालीये, मध्येच भाजीवाल्याला "भिया" म्हणते आणि मग आपल्याशी "अगं". राजवाड्याला नेलं तिने, होळकरांचा, सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, पण निम्मा वेळ आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसून हॉस्टेलच्या रेक्टरबाईंची नक्कल करत होतो.

सेक्रेटरी: इंदूर स्वच्छतेत २०१७ पासून देशात पहिलं येत होतं सलग. वहिनी खरंच तसं आहे का?

बी-३०२ काकू: आहे. तिच्या घरी कचऱ्याचे सहा भाग करतात, गाडीवर सहा कप्पे. आपल्याकडे दोन बादल्या दिल्यात तर ओल्यात सॅनिटरी पॅड आणि सुक्यात आंब्याच्या कोयी.

सेक्रेटरी: हा मेसेज मी पिन करतोय.

बी-६०३: कोलकात्याचं सांगा काकू, आमची सून विचारतेय, तिचं माहेर उत्तर कोलकात्यात

बी-३०२ काकू: अगं मग तिला सांग मी बागबाजारला होते. मैत्रिणीने बंगाल्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या आईने सहा महिने अबोला धरला होता, आता तीच मासे निवडायला बाजारात पुढे. पहिल्याच सकाळी तिच्या दिरांनी मला गंमत म्हणून एक गल्ली दाखवली, मराठा डिच लेन. मी म्हटलं हे काय नाव. तर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर यायच्या, १७४१ ते ५१, त्या धाकाने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ला शहराभोवती खंदक खणायला घेतला, आणि मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवला. त्यांच्या अंगाईत अजून "बोर्गी" येतात, म्हणजे आपले बारगीर, बाळा झोप नाहीतर ते येतील. आम्ही शाळेत स्वाऱ्या शिकलो त्या वेगळ्याच अंगाने. दीर हसत म्हणाले, दोनशे ऐंशी वर्षांनी का होईना, बोर्गी आले, बसा, लुची खा. लुची म्हणजे त्यांची पुरी.

बी-६०३: सून हसून हसून पडली. म्हणते तिची आजी पण तिला बोर्गींची भीती घालायची आणि आता ती बोर्गींच्याच घरात आहे

सी-२०१: बिर्याणीत बटाटा??

बी-३०२ काकू: मोठा, अख्खा, केशरी. म्हणे अवधच्या वाजिद अली शाहला इंग्रजांनी १८५६ला गादीवरून काढलं, तो कोलकात्याला आला, त्याच्या मुदपाकखान्यातून हा बटाटा आला. गरिबीमुळे घातला की हौसेने, यावरून जेवताना दोन दीर भांडले. मला एवढंच कळलं की मटण बाजूला ठेवून आधी बटाटा संपतो. पण सगळ्यात वर नोलेन गुडाचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई. खजुरीच्या झाडाला थंडीत मडकं लावतात, रात्रभर रस ठिबकतो, त्याचा गूळ, ताजा असला की धुरासारखा वास. उन्हाळ्यात गेलात तर मिळणार नाही.

बाकी मेट्रोने हावड्याला गेलो, हुगळीच्या तळाखालून जाते, २०२४ला सुरू झाली, डोळे मिटून उघडेपर्यंत नदी संपते, पाऊणेक मिनिट. पहिली मेट्रो पण त्यांचीच देशात, १९८४ची. काका तुमच्यासाठी माहिती.

ए-१०४ काका: मेट्रो म्हणजे रेल्वेच. माझाच मुद्दा.

डी-५०१: हाहाहा काका

सी-२०१: सगळं सुरळीत झालं का, विमानं लेट वगैरे?

बी-३०२ काकू: सुरळीत कसलं. कोलकात्याहून चेन्नईचं सकाळचं होतं, आणि तिथे थंडीत पहाटे धुकं. पावणेतीन तास उशीर. बोर्डवर दर वेळी अर्धा तास पुढे ढकलायचे, एकदम सांगत नाहीत, म्हणजे माणूस ना धड झोपेल ना धड जेवेल. शेवटी भाच्याला फोन केला, तो म्हणाला मावशी, एवढ्या लांबीच्या फ्लाइटला दोन तासांच्या वर उशीर झाला तर त्यांनी खायला-प्यायला द्यायचं असतं, नियम आहे, जाऊन माग. मी गेले, मागितलं, आधी बघतो बघतो, मग मी विमान कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या डीजीसीएचं नाव काढल्यावर सँडविच आणि ज्यूस. माझ्यामागे चाळीस माणसं उभी राहिली. मागितल्याशिवाय कोणी देत नाही एवढं लक्षात ठेवा. आणि तीच माझी एका दिवशी एक विमान ही अट, म्हणून नुसती दुपार गेली, पुढचं काही बुडालं नाही.

डी-५०१: सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, हे पण मागता येतं.

सेक्रेटरी: कृपया हा ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवावा. पार्किंगमध्ये पांढरी स्विफ्ट कोणाची आहे?

सी-२०१: सर दोन मिनिटं, चेन्नई राहिलंय

बी-३०२ काकू: चेन्नई थोडक्यात सांगते, टायपून बोटं दुखली. मैत्रीण मैलापूरला, कपालीश्वराच्या देवळापासून पाच मिनिटं. मारगळी महिना लागलेला, पहाटे पाचला प्रत्येक दारात बायका तांदळाच्या पिठाची रांगोळी काढताना, भरधाव हात, मला लाज वाटली आपल्या स्टिकरांची. आणि ह्या महिन्यात तिथे कर्नाटक संगीताचा सीझन, सभागृहागणिक दिवसभर कचेऱ्या, म्हणजे मैफिली. १९२७च्या काँग्रेस अधिवेशनाच्या जोडीला संगीत परिषद झाली, त्यातून म्युझिक अकादमी निघाली आणि मग हा सीझन. पण गंमत म्हणजे सभांच्या, म्हणजे गाण्याच्या संस्थांच्या, कँटीन. लोक गाण्याइतकीच चर्चा करतात की यंदा कुठल्या सभेचं जेवण चांगलं. केळीच्या पानावर वाढतात, आम्ही गेलो तेव्हा आत राग आळवणं चाललेलं आणि आमचे हे बाहेर तिसऱ्यांदा रसम मागत होते. मैत्रिणीचं गाणं सुटलं लग्नानंतर. त्या संध्याकाळी शेजारी बसून ती मांडीवर ताल देत होती, बोटं मोजत, मी काही बोलले नाही.

बी-६०३: काकू

बी-३०२ काकू: हो गं. घरी येऊन तिने कॉफी केली, डबरा-टंबलरमध्ये, वरून ओतून ओतून फेस आणला, मग बरी बोलली.

ए-१०४ काका: सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं. तंजावरच्या मराठ्यांनी केलं. माझ्याकडे फॉरवर्ड आलाय, टाकू का?

डी-५०१: काका ती कथा सगळे सांगतात, पुरावा कोणाकडे नाही

ए-१०४ काका: पुरावा नाही म्हणजे खोटं असं नाही.

सी-२०१: काकू आता आणलेलं सांगा ना

बी-३०२ काकू: पंधरा किलोत काय बसणार, त्यात ह्यांनी दोन साड्यांना नाही म्हणायच्या आधीच मी घेतल्या. संदेश दुसऱ्या दिवशीच संपला. जिरावनची सहा पाकिटं आणली, बी विंगला मजल्यागणिक एक, वॉचमनकडे दिलीयेत, आपापलं घेऊन जा.

बी-६०३: काकू मी आत्ता खाली आले, चारच आहेत

बी-३०२ काकू: अगं सहा दिली होती, मोजून.

सी-२०१: मी सी विंगची, मी नाही घेतलं, देवाशपथ

सेक्रेटरी: एक मी घेतलं. मला वाटलं सोसायटीसाठी आहे. हे ताकात घालायचं का?

बी-३०२ काकू: पोह्यांवर हो साहेब. आणि दुसरं?

ए-१०४ काका: दुसरं माझ्याकडे आहे. पोहे करून खाऊन झाले. रेल्वेबद्दलचं मत कायम आहे.